जवळची नातेवाईक

प्रिय धाकटे,

कपडे बेतायच्या खाकी कागदावर पत्र आलं म्हणून हसू नकोस. दुकानात दुसरा कागद हाताशी नाही, आणि घरी लिहायला बसले असते तर आमच्या वकीलीणबाईंनी खांद्यावरून वाचून दर ओळीला हरकत घेतली असती. माझ्या पोरीला तू ठेवलेलं हेच नाव चिकटलंय. आता शाळेतल्या बाईसुद्धा तिला वकीलीण म्हणतात. कागदाच्या मागच्या बाजूला पाचवीच्या गणवेशाच्या शर्टाची बाही आखलेली आहे, तिचा या पत्राशी काही संबंध नाही. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, मशीनवरच्या दोघी जेवायला गेल्यात, आणि माझ्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट आहे. तो का आहे ते सांगेनच, पण शेवटी.

फोन केला असता. पण फोनवर तू "मीटिंगला चाललेय ताई" म्हणतेस आणि मला पुढे बोलायला जागाच राहत नाही. पत्राला मीटिंग नसते. अर्धं वाचून टेबलाच्या खणात टाकलंस तरी ते आतून तुझ्याकडे बघत बसेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना धाकधूक नको. भाऊजींनी मला सगळं सांगितलं. सरोगसीचा कायदा पुन्हा दुरुस्तीला निघालाय, तुझ्या साहेबांनी व्याख्यांचं कलम तुझ्याच हाती द्यायचं ठरवलं होतं, आणि तू लिहून दिलंस की मला यातून वगळा. बिचारे भाऊजी. आठव्या मजल्यावर लोंबकळत लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण हे सांगताना त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. "तिला काही बोलू नका वहिनी" म्हणाले. मी म्हटलं, नाही बोलणार. हे बोलणं नाही, लिहिणं आहे. तर या पत्रात मी तुझ्याशी भांडणार आहे. तू ते काम परत घ्यावंस आणि त्या व्याख्येत 'जाऊ' घालावीस, असं मला वाटतं. 

आधी घरची खबर. सासूबाईंचा गुडघा तसाच आहे, जीभही तशीच आहे. रोज दुपारी तुझ्या खोलीत जाऊन खिडकी उघडतात, हवा खेळती राहावी म्हणून असं म्हणतात, आणि तुझ्या खुर्चीत बसून पेंगतात. परवा मी चहा घेऊन गेले तर दचकून म्हणाल्या, मी झोपले नव्हते, विचार करत होते. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, 'या घरात "विचार करणे" म्हणजे घोरणे, आणि त्यात दुपारचे घोरणे समाविष्ट आहे.' हे तू जेवणाच्या टेबलावर सुरू केलेलं खूळ वकीलीण अजून चालवते. 'या घरात "आत्ता आलो" म्हणजे तासाभराने.' 'या घरात "थोडंसं दुखतंय" म्हणजे डॉक्टरकडे न्या, पण मी सांगितलं असं म्हणू नका.' सगळे हसतात आणि मग तुझ्या रिकाम्या जागेकडे बघतात, कारण पुढची व्याख्या करायची पाळी तुझी असते.

तू घरात आलीस तेव्हा मी तुला घाबरले होते, हे तुला कधी सांगितलंय का? कायदे लिहिणाऱ्या ऑफिसातली मुलगी जाऊ म्हणून येणार. मी गणवेश कापणारी. मला वाटलं ही माझ्या बोलण्यातल्या चुका काढणार. आणि तू पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन काय केलंस, तर माझ्या कापडाच्या कात्रीने दुधाची पिशवी कापलीस. कापडाच्या कात्रीने. मी जे बोलले ते बोलले. तू दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना स्वयंपाकघरासाठी वेगळी कात्री आणलीस आणि दोन्हींना चिठ्ठ्या बांधल्यास, एकीवर 'कापड', दुसरीवर 'कापड सोडून इतर सर्व'. तेव्हाच मी ओळखलं, हिच्याशी आपलं जमणार. दोघी बाहेरून आलेल्या. एकीचं माहेर इकडे, दुसरीचं तिकडे, रक्ताचा थेंब सारखा नाही, आणि दिवसाचा निम्मा वेळ एकाच ओट्याशी. तू मला आठवडाभर जाऊबाई म्हणालीस, मग एक दिवस बोट कापलं तेव्हा ताई म्हणालीस, आणि मग ताईच राहिले.

तो कायदा लिहिला जात होता ते दिवस मला चांगले आठवतात. तेव्हा तो दुसऱ्यांसाठी होता. तू जेवताना सांगायचीस की ज्या जोडप्याला मूल हवंय पण बाईला ते पोटात वाढवता येत नाही, त्यांचंच बीज दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवायचं, आणि तिने बाळंत होऊन मूल त्यांच्या हाती द्यायचं. सासूबाई घास हातात धरून ऐकत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मूल यांचं, पोट तिचं. आणि आजी?" तू म्हणालीस, "आजी तीच, आई." त्या म्हणाल्या, "मग माझी काही हरकत नाही," आणि घास तोंडात घातला. तू हसता हसता पाणी सांडलंस.

पण त्यात घोर कसला होता, तेही तू सांगितलंस. कुणीही गरजू बाई शोधून आणेल, तिला चार दिवस बहीण म्हणेल, आणि तिच्या पोटाचा सौदा करेल. म्हणून ती बाई जोडप्याच्या जवळच्या नात्यातली हवी, आणि जवळचं नातं म्हणजे काय ते कायद्यातच लिहून ठेवायला हवं. मानलेली बहीण चालणार नाही. मला ते पटलं होतं, अजून पटतं. मग तू वही घेऊन बसलीस आणि सगळ्यांना विचारलंस, बाई बाईला जवळची कशीकशी असते सांगा. जेवणं राहिली बाजूला. बहीण, नणंद, मावसबहीण, मामेबहीण, भाची, पुतणी. वकीलीण बोटं मोजत होती आणि बोटं संपल्यावर आजीची बोटं घेत होती. मी ताटं उचलता उचलता म्हटलं, "आणि आम्ही कोण, भाडेकरू?" तू जीभ चावलीस आणि मोठ्या अक्षरात लिहिलंस, भावजय, जाऊ.

नंतर तुझे साहेब म्हणाले यादी फार लांबली. तूही तेच म्हणायचीस, लांब यादी ही आळशी व्याख्या असते, कारण यादीत जो राहिला तो कायमचा राहिला. मग तू महिनाभर ती आटवत बसलीस. तुझी ती पद्धत मला पाठ झाली होती. व्याख्या लिहायची, मग कायद्यात जिथे जिथे तो शब्द येतो तिथे तो काढून सगळी व्याख्या घालून वाचायची, आणि वाक्य कुठे अडखळतं ते बघायचं. स्वयंपाकघरात फिरत फिरत तू मोठ्याने वाचायचीस आणि मी भांडी विसळताना ऐकायचे. शेवटी ते एका ओळीत बसलं. 'जवळची नातेवाईक म्हणजे दांपत्यापैकी कोणाशीही रक्ताचं नातं असलेली स्त्री.' सगळ्या कलमांतून फिरवून पाहिलंस, कुठेही अडलं नाही. साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने 'उत्तम' लिहिलं. तू घरी येऊन मला ती ओळ वाचून दाखवलीस आणि मी ओल्या हातानेच तुझी पाठ थोपटली. शाबास म्हटलं. त्या ओळीत मी नव्हते हे मलाही कळलं नाही, धाकटे. तुला एकटीला कळायला हवं होतं असं तुला का वाटतं?

मी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की आम्ही शिवणीच्या आत बोटभर माया सोडतो, पोर वाढलं तर उसवून मोठं करता येतं, तुमच्यात तसलं काही नसतं का. तू म्हणालीस, ताई, कायद्यात जास्तीचं कापड सोडलं की नको तो माणूस त्यात शिरतो. तेही खरंच होतं. तुझं सगळं खरंच असतं, हीच तुझ्याशी भांडायची अडचण आहे.

मग आपले दिवस आले. पहिल्या वेळेला गर्भ पडला तेव्हा तू आठवडाभरात ऑफिसला गेलीस. दुसऱ्या वेळेला महिनाभर उठली नाहीस. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, बीज चांगलं आहे, दोघांचंही, पण पिशवी धरून ठेवत नाही, आणि ठेवणारही नाही. त्या चित्राकडे तू बघत नव्हतीस, टेबलावरच्या पेनांच्या पेल्याकडे बघत होतीस. तुमच्या दोघांचे गर्भ त्यांनी थंड पेटीत जपून ठेवले. घरी येताना गाडीत भाऊजी म्हणाले, निदान पोरं सुरक्षित तरी आहेत.

चादरींचा दिवस तुला आठवत असेल. गच्चीवर मोठ्या चादरी वाळल्या होत्या आणि आपण दोघी घड्या घालत होतो. तू दोन टोकं धरून उभी, मी दोन. चादर झटकायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं. मी आठवडाभर तुला कसं विचारू याचा विचार करत होते आणि काही सुचत नव्हतं. तिसऱ्या चादरीला टोकं जुळवायला जवळ आलो तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. नऊ महिन्यांसाठी देईन म्हणते." तुला वाटलं माळ्यावरच्या खोलीबद्दल बोलते. मग माझा हात पोटावर आहे ते तू पाहिलंस. तू हसलीस, मग रडलीस, आणि चादर सोडून दिलीस. सबंध चादर धुळीत. ती परत धुवावी लागली, आणि सासूबाईंनी विचारलं की दोन दोन बायका असून एक चादर धरवत नाही का. त्यांना काय सांगणार. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे बराच वेळ आपल्या चपला पुसत बसले, आणि मग म्हणाले, "तू जिना चढू नकोस मग, मी पाणी वर नेऊन देत जाईन." एवढीच चर्चा झाली आमच्यात. वकीलीणीने मात्र उलटतपासणी घेतली. ते बाळ माझा भाऊ होणार की चुलतभाऊ? तू म्हणालीस, चुलत. ती म्हणाली, मग माझी खोली वाटून द्यायची नाही.

आणि मग सरोगसीला परवानगी देणाऱ्या मंडळापुढची ती सुनावणी. मी तुला त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही आणि तूही काही सांगितलं नाहीस, पण मी तुझ्या शेजारी बसले होते. नव्या रंगाचा वास येणारी खोली, पाण्याच्या तांब्यावर बशी झाकलेली. तिघं जण होते. मधल्या चष्मेवाल्या बाई चांगल्या होत्या, आधी माझी तब्येत विचारली, मग मुलीचं विचारलं, आणि मग सहज विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, जाऊ. इतक्या ऐटीत म्हटलं की जसं काही पदक मिळालंय. त्यांनी कागद पुढे ओढला. भाऊजींना कुणी बहीण आहे का, तुला आहे का. नाही. चुलत, मावस? भाऊजींच्या त्या परदेशातल्या मावसबहिणीचं नाव निघालं, जिला आपण फोटोतसुद्धा नीट ओळखत नाही. ती चालेल म्हणाल्या. ती जवळची. मी लांबची. तुझ्या माझ्या खोलीत एक भिंत, तीसुद्धा इतकी पातळ की भाऊजींची शिंक आमच्याकडे मोजता येते.

मग त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. आपल्याला समजावं म्हणून सावकाश वाचली. दांपत्यापैकी कोणाशीही रक्ताचं नातं असलेली स्त्री. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझे ओठ हलत होते. त्यांच्या बरोबरीने, आवाज न करता, तू ती ओळ म्हणत होतीस, जशी तू आपल्या स्वयंपाकघरात फिरत म्हणायचीस. त्यांना माहीत नव्हतं की ती तू लिहिली आहेस. तू सांगितलं नाहीस. "वाईट वाटतं, पण व्याख्या अगदी स्पष्ट आहे," असं त्या म्हणाल्या, आणि तू मान डोलावलीस, चांगल्या कामाची दाद दिल्यासारखी. मी टेबलाखाली तुझा हात धरला.

वरच्या मंडळाचंही उत्तर तेच आलं. आणि तू दुसऱ्या गावच्या ऑफिसात बदली मागून घेतलीस. कामासाठी म्हणालीस. घरातल्या कुणीही ते खरं मानलं नाही. भाऊजी दर शनिवारी तुझ्याकडे येतात आणि रविवारी परत येऊन 'बरी आहे' सांगतात. या घरात 'बरी आहे' म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

म्हणून कायदा दुरुस्तीला निघाला हे ऐकून मी मनातून नाचले होते. मला वाटलं आता ती लिहील. आणि तू वगळा म्हणालीस. या विषयात माझा व्यक्तिगत हितसंबंध आहे, असं तुझं वाक्य भाऊजींनी जसंच्या तसं सांगितलं. मला इतका राग आला की आठवडाभर कॉलर कापताना मी तुझ्याशी भांडत होते. एक अख्खा गठ्ठा उलटा कापला. मशीनवरची एक म्हणाली, बाई, ही कॉलर पाठीवर घालायची का? मी मनात तुला म्हणत होते, अगं, एक शब्द. तुझ्याच वहीत होता तो, तुझ्याच अक्षरात. परत लिही की. कोण विचारणार आहे?

पण विचारलं असतं. मला ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. कायद्यातला शब्द बदलायचा आणि त्याच शब्दाने आपल्या घरात पाळणा आणायचा, हे तुझ्याच्याने होणार नव्हतं. कापडाच्या कात्रीने एकदा दुधाची पिशवी कापली म्हणून आयुष्यभर दोन कात्र्या ठेवणारी तू. उद्या कुणी म्हणालं असतं की या बाईने आपल्या सोयीने कायदा शिवून घेतला, तर तुला ते मूल मांडीवर घेऊनही चैन पडलं नसतं. मग माझा राग गेला. म्हणजे थोडा गेला. तू बरोबर होतीस म्हणून उरलेला राहिला.

आता मागच्या सोमवारची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं होतं, माझ्या तपासण्यांच्या फाइली परत न्यायला, त्यांच्या कपाटात जागा नाही म्हणून. बाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीला पंखा हवा होता, दुसरीला नको होता. एक उठून बटण दाबायची, दुसरी उठून बंद करायची, आणि दोघी एकमेकींची पर्स सांभाळत होत्या. मी विचारलं, बहिणी का? पंखावाली म्हणाली, "छे, बहीण असती तर इतकं ऐकून घेतलं नसतं. जावा आहोत." मी त्यांच्याच बाकावर सरकून बसले. धाकटी माझ्याशी बोलली. तिचंही तुझ्यासारखंच आहे, आणि थोरली तयार आहे, आणि त्यांनाही मंडळाने तीच ओळ वाचून दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणतात थांबा, कायदा बदलतोय. थोरलीला दोन पोरं आहेत, तिशीसुद्धा उलटलेली नाही, भरपूर वेळ आहे तिच्याकडे. तिने मला विचारलं, "तुमचं काय झालं?" मी म्हटलं, आमचं राहून गेलं. तिने उठून पंखा बंद केला, मला थंडी वाजत असेल असं तिला वाटलं असावं. तू त्यांना पाहायला हवं होतंस. तू पाहिलं असतंस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तर आता मुकुट. आज माझा वाढदिवस. सकाळी वकीलीणीने तो स्वतः कापून, डिंकाने चिकटवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुकान बंद होईपर्यंत काढायचा नाही असा हुकूम दिला. मला पस्तीस पूर्ण झाली. तुझ्या कलमात नात्याच्या शेजारीच वयाची अट आहे, त्या बाईला पस्तीस पूर्ण झालेली नसावीत, ती तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. कालपर्यंत मी एका अटीने बाहेर होते, आजपासून दोन अटींनी. वयाची अट बदलायच्या भानगडीत पडू नकोस, ती डॉक्टरांनी विचार करून घातली आहे, तिला हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पण आता तू 'जाऊ' लिहिलंस तरी त्यातून आपल्या घरात काहीही येणार नाही, आणि कुणालाही तुझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. तुझा तो हितसंबंध आज सकाळी संपला. म्हणूनच हे पत्र आज लिहिलं, काल नाही. काल लिहिलं असतं तर ते आपल्यासाठी मागणं झालं असतं. मी ती खोली झाडून पुसून ठेवली होती, धाकटे, खरंच ठेवली होती, आणि ती रिकामी आहे हे मला काही दिवस जाणवेल. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? थंड पेटीतल्या त्या जिवांचं काय करायचं, दुसऱ्या कुठल्या वाटेने आपल्याकडे मूल येईल का, हे तू घरी आलीस की सगळे मिळून बसून बोलू. पण आधी साहेबांकडे जा, ते काम परत माग, आणि त्या पंखावाल्या दोघींना आत घे. मग शनिवारी भाऊजींना तिकडे बोलावण्यापेक्षा तूच इकडे ये. मी हल्ली चादरीची घडी हनुवटीखाली धरून एकटीच घालते, आणि ती दर वेळी वाकडी येते. यादी लांब झाली तर होऊ दे.

तुझीच,
कायद्याने अजून तरी लांबची,
थोरली